विसावा फॉर्म

मागच्या बुधवारी धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर होते. सर्व्हेचा तिसरा आठवडा. टीममधल्या एकाने मध्येच काम सोडलं, त्यामुळे त्याची चार गावंही माझ्याच गळ्यात... अंग नुसतं आंबून गेलं होतं.

काम तसं साधं. एका माणसाला दहा-दहाच्या दहा नोटा द्यायच्या. त्याने त्यातल्या हव्या तेवढ्या स्वतःच्या पाकिटात ठेवायच्या, उरलेल्या त्याच्या जोडीला लावलेल्या, गावातल्याच दुसऱ्या कुणाच्या तरी पाकिटात. तो दुसरा कोण हे सांगायचं नाही, आणि त्यालाही कळू द्यायचं नाही. सगळ्याच नोटा स्वतःला ठेवल्या तरी चालतं. मग माणसं का देतात, एवढंच आमच्या संशोधनवाल्यांना शोधायचंय.

दुपारपर्यंत एकोणीस जण झाले. विसाव्या सुमलीबाई (नाव बदललंय) सकाळी समजावून सांगताना समोर बसल्या होत्या, नंतर दिसल्याच नाहीत. अंगणवाडीच्या शेवंताताई आमचं मराठी पावरीत, म्हणजे तिथल्या बोलीत, सांगायच्या. त्या म्हणाल्या, "त्या पलीकडच्या टेकडीवर गेल्या. तिथं एकाचं घर बांधताहेत, सगळे कुडाच्या भिंती लिंपायला गेलेत."

"मजुरी मिळते का?" मी सवयीने विचारलं.

"मजुरी कसली... यांचं घर बांधलं तेव्हा तेही आलेच होते की."

चार वाजले. आमचे शहाद्याचे ड्रायव्हरकाका गाडीपाशी उभे होते. "ताई, चला ना आते, उशीर व्हई ऱ्हायना." घाट उतरायचा होता. उद्या परत यायचं म्हणजे अख्खा दिवस जाणार.

मी काय केलं ते सांगते... ओट्याच्या कडेला बसून विसावा फॉर्म मीच भरला. स्वतःला पन्नास, दुसऱ्याला पन्नास. बहुतेक जण तसंच करत होते, कोणाला कळणार होतं? सुमलीबाईंच्या नावापुढे खूण केली, शंभर रुपये दोन पाकिटांत घातले. त्यांचं पाकीट शेवंताताईंकडे ठेवू, असं ठरवलं. एक रुपयाही घेतला नव्हता, म्हणून मन फारसं खातही नव्हतं.

बॅग उचलली, तेवढ्यात त्या आल्या. कोपरापर्यंत माती, पदराने मान पुसत. काम अर्धं टाकून, भर उन्हात ती टेकडी उतरून आल्या होत्या.

मला वाटलं, स्वतःच्या पैशांसाठी आल्या असतील. शेवंताताईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "ही बाई सकाळी बोलली ना, एक जण नाही आला तर जोडी रद्द. मी आले नसते तर त्या दुसऱ्याचंही गेलं असतं."

मी पाकिटं उघडून नोटा बाहेर काढल्या, कोरा फॉर्म घेतला आणि त्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. काका हॉर्न वाजवत होते.

सुमलीबाईंनी नोटा बराच वेळ हातात धरल्या. मग चार स्वतःच्या पाकिटात, सहा दुसऱ्याच्या. फॉर्मचा शेवटचा प्रश्न असतो, असं का केलं? त्या शेवंताताईंकडे बघत म्हणाल्या, "कोण आहे ते मला ठाऊक नाही. माझ्यापेक्षा अडचणीत असलं तर?"

आणि लगेच निघाल्या. ओली माती वाळून जाईल म्हणाल्या.

आधीचा फॉर्म मी गाडीत फाडला. या तीन आठवड्यांत शेकडो वेळा मी लोकांना सांगितलंय की कोणी बघणार नाही, तुम्हाला वाटेल ते करा... आणि कोणी बघत नसताना मी काय केलं, ते त्या दिवशी मला कळलं.

सुमलीबाईंचे आभार मानायचे राहून गेले. त्या काही हे वाचणार नाहीत. आमच्या सुपरवायझर मॅडम मात्र इथे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, त्या वाचतील... वाचू देत.