गरम वर्षांची बारीक वलयं

नव्वदच्या दशकात नागपूरहून लोक अमेरिकेला कॉम्प्युटरसाठी जायचे. मी अलास्काला गेले, झाडांना भोकं पाडायला. नातेवाइकांत माझं नाव झालं, ते अर्थात वेडी म्हणून.

माझ्या प्रोफेसरांचा सिद्धांत सुटसुटीत होता. उत्तरेकडची झाडं थंडीने गारठलेली असतात. उन्हाळा जितका गरम, तितकी वाढ जास्त आणि खोडातलं त्या वर्षीचं वलय तितकं रुंद. निष्कर्ष तयार होता, पुरावा तेवढा आणायचा राहिला होता. त्यासाठी मी.

दोन महिने मी डोंगरउतारावरच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या खोडांत पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढ्या काड्या काढल्या. डासांनी माझ्यावर केलं तेवढं प्रेम अमेरिकेत दुसऱ्या कुणी केलं नाही. मग लॅबमध्ये त्या काड्या घासून मायक्रोस्कोपखाली एकेक वलय मोजलं. झाडांनी प्रोफेसरांचे लेख वाचले नव्हते. गरम उन्हाळ्यांची वलयं चक्क बारीक निघाली.

"तुझं मोजायचं चुकलंय," प्रोफेसर म्हणाले. काडीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्यांदा मोजलं. तेच.

"तुमच्याकडे इतक्या बारीक कामाची सवय नसेल," ते अगदी मायेने म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

रविवारी घरी फोन केला. बाबा शाळेत मराठी शिकवायचे.

"बाबा, गरम वर्षी झाड वाढायला हवं, आणि ते वाढत नाहीये."

"पाणी होतं का त्याला?"

"म्हणजे?"

"अगं, नुसत्या उन्हाने झाडं वाढली असती, तर आपलं नागपूर एव्हाना घनदाट जंगल झालं असतं."

दोन पदव्या घेतलेल्या मला हे सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वलयांशेजारी पावसाच्या नोंदी मांडल्या. उन्हाळा गरम आणि कोरडा, तर वलय बारीक. गरम, पण पाऊस बरा, तर वलयही बरं. आता मात्र प्रोफेसर स्वतः मायक्रोस्कोपला तासभर डोळा लावून बसले. उठताना म्हणाले, "हं."

पुढच्या आठवड्यात विभागाच्या सभेत त्यांनी माझे आलेख दाखवले. "ही शंका मला बरीच वर्षं होती," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, संस्कार!

मागच्या रांगेत आमच्या लॅबची म्हातारी टेक्निशियन बसली होती. तिने हात वर केला. "शंका होती, तर या मुलीला तीनदा का मोजायला लावलंत?"

सगळे हसले. प्रोफेसर कानापर्यंत लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. लेखाच्या मसुद्यावर माझं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने पहिलं लिहिलं होतं. "मी आधीच पाहायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांच्यावर मनसोक्त चिडायची माझी सगळी तयारी होती, तीही त्यांनी वाया घालवली.

"इट्स ओके," मी म्हटलं. ओके काहीच नव्हतं, पण इंग्रजीत पटकन तेवढंच सुचलं.