बुधवारचे जोडबिल

नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकातून आत वळले की दुसऱ्या गल्लीत किराणा मालाचे एक मोठे दुकान लागते. तिथे काही वर्षे दुकानाची स्वतःची नोट चालत होती. सातशे रुपयांच्या बिलावर वीस रुपयांची एक नोट मिळे. कागद बऱ्यापैकी जाड, रंग फिकट जांभळा, मध्ये गव्हाच्या लोंब्या, एका कडेला चकचकीत पट्टी. खाली मालकाची सही आणि सहीच्या वर छापलेले वाक्य : ‘धारकास वीस रुपयांचा किराणा देण्याचे वचन देतो.’ सुट्टे नसले की चॉकलेटऐवजी एक रुपयाची छोटी नोट देत. ती पोपटी होती. दुकानातले लोक तिला कूपन म्हणत. बाहेर सगळे नोटच म्हणत.

नोट दुकानाबाहेरही चाले. दारातल्या फुटपाथवर मेथी-कोथिंबीर घेऊन बसणारी एक बाई होती. रोज गावाहून यायची. ती नोट पूर्ण किमतीला घेई. एकदा कारण विचारले तर म्हणाली, “मला बी तिथूनच तेल न्यायचं हाय ना. मंग ह्याची नोट काय अन् सरकारची काय.” शेजारचा चहावाला मात्र घेत नसे. “त्या शेठला आधी म्हणावं, माझा चहा पिऊन याच नोटेनं पैसे दे. मग बघू,” असे तो गिऱ्हाइकांना सांगे.

मी वृत्तपत्रात काम करते. नाशिक आवृत्तीला बदली होऊन आले तेव्हा शहरात ओळखीचे कोणी नव्हते. डेस्कचे काम दुपारनंतर सुरू होते आणि त्या कामात बोलणे होते ते मथळ्यांबद्दल. साप्ताहिक सुट्टी मला बुधवारी मिळाली. शेजाऱ्यांची रविवारी असते. म्हणजे मी घरी असते तेव्हा इमारतीतली बहुतेक दारे बाहेरून बंद असतात.

एकट्या माणसाच्या आठवड्याच्या सामानाचे बिल सातशेला पोहोचत नाही. दुकानाच्या रांगेत यावर तोडगा निघालेला होता. त्याला जोडबिल म्हणत. दोन गिऱ्हाइकांनी सामान एकत्र बिलात घालायचे, पैसे आपापले द्यायचे. नोट एकच मिळे आणि ती अर्धी फाडता येत नसे, म्हणून पाळी लावायची. या वेळी तुम्हाला, पुढच्या वेळी मला. मालकाला हे माहीत होते. त्याची हरकत नव्हती, कारण पाळी ठरली की दोघांनाही परत यावे लागे.

पहिल्यांदा मला विचारले ते माझ्यामागे उभ्या असलेल्या काकूंनी. सत्तरीच्या आसपास, फिकी सुती साडी, हातात घरून आणलेली नायलॉनची पिशवी.

“तुझं किती होतंय गं?”

“चारशेच्या आसपास होईल.”

“माझं तीनशे तरी होईल. कमी पडलं तर साबण घेईन एक. जोडतेस?”

काउंटरवरची मुलगी हसली. “काकू, आज नवीन कोण पकडलं?”

“माझी मागची जोडीदार बदली होऊन गेली. मग काय करू? तू येतेस का?”

दोघींच्या सामानामध्ये त्यांनी मिठाचा पुडा आडवा ठेवला. ती हद्द. पुडा कोणाच्याच बिलात नव्हता आणि काम झाले की मुलगी तो परत काउंटरखाली ठेवत असे. पहिली नोट काकूंनी मला दिली. “तू नवीन आहेस. आधी तुला. म्हणजे पुढच्या बुधवारी येशील.”

मी गेले. त्यानंतर सव्वा वर्ष दर बुधवारी सकाळी जात राहिले. काकू एसटीच्या डेपोतल्या मेकॅनिकच्या पत्नी. ते वारल्यानंतर त्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहत. मुलगी दिंडोरीकडे दिलेली, सासरी द्राक्षबाग. छाटणी, फवारणी, तोडणी या सगळ्यातून तिला माहेरी यायला फुरसत मिळते ती उन्हाळ्यात. ही माहिती मी विचारून मिळवलेली नाही. रांगेत ती तुकड्यातुकड्याने कानावर आली. फोन नंबर आम्ही एकमेकींना कधी दिला नाही. घरी जाणे झाले नाही. त्यांना माझ्याबद्दल जे कळले ते माझ्या टोपलीतून कळले.

“परत ब्रेड? पोळ्या करत नाहीस का?”

“एकटीसाठी कंटाळा येतो.”

“मी काय पंगतीसाठी करते?” मग माझ्या टोपलीतली तांदळाची पिशवी त्यांनी उचलली, वास घेतला आणि परत फळीवर ठेवली. “घोटीकडचा इंद्रायणी घे. मऊ होतो. वरण नसलं तरी जातो.”

आठवड्यात कामाव्यतिरिक्त कोणी माझ्याशी बोलत असे ते एवढेच. हे माझ्या लक्षात आले एका बुधवारी, जेव्हा गावाहून भाऊ यायचा होता आणि माझे एकटीचेच बिल सातशेवर जात होते. मी तेलाचा डबा परत फळीवर ठेवला. तो संध्याकाळी दुसऱ्या दुकानातून आणला. त्यानंतर मी खरेदी कायम बेताने करत गेले. मला नोट नको होती. रांग हवी होती.

काकूंना मात्र नोट हवी होती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर भांडी मिळत, आणि तिथेही नोट चाले. तिथला पाच लिटरचा कुकर त्यांनी पसंत करून ठेवला होता. उन्हाळ्यात मुलगी, जावई, नातवंडे येतात तेव्हा त्यांचा तीन लिटरचा पुरत नाही. त्यासाठी त्या नोटा साठवत होत्या. त्यांची पाळी नसे तेव्हा मी माझी नोट त्यांना देऊ केली, तर त्यांनी घेतली नाही. “पाळी म्हणजे पाळी. तुझी खाऊन मी काय श्रीमंत होणार आहे?”

दिवाळीनंतरच्या बुधवारी त्यांनी सहज सांगितले की या वर्षी लक्ष्मीपूजनात दुकानाच्या नोटाही ठेवल्या. “ताटात खऱ्या नोटा होत्या दोन-चार. म्हटलं ह्यांनी काय पाप केलंय? कुकरच्या सगळ्या ठेवल्या. हळदकुंकू वाहिलं. छान दिसलं ताट.”

आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत पूजेत ठेवलेला पैसा पुढच्या दिवाळीपर्यंत मोडत नाहीत. काकूंच्या घरीही तीच पद्धत होती. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही. त्यांनीही केला नसावा. कुकर कुठे जात नव्हता.

संक्रांत झाली आणि काउंटरच्या मागे पाटी लागली. कूपने महिनाअखेरपर्यंतच स्वीकारली जातील. यापुढे पॉइंट ग्राहकाच्या मोबाईल नंबरवर जमा होतील. कमीत कमी बिलाची अट नाही.

रांगेत त्या दिवशी गलका होता. “परत नोटबंदी!” असे कोणीतरी ओरडले आणि दुसऱ्याने विचारले, “मग जांभळ्या बदलायला बँकेत जायचं का?” बाहेर मेथीवाल्या बाईने नोटा घेणे त्याच सकाळी बंद केले होते. “आता नाय चालायच्या. माझ्याकडंच लय पडल्यात,” असे ती एकेकाला सांगत होती. चहावाल्याला कोणी विचारायला गेले नाही, तरी तो “मी म्हणलो होतो” असे सांगत होता.

काकूंनी पाटी वाचली. मग मुलीला विचारले, “पुढच्या दिवाळीला घेणार नाही?”

“नाही काकू. महिनाअखेर. घरी असतील तेवढ्या घेऊन या.”

“त्या पूजेतल्या आहेत. आत्ता कशा मोडू?”

“अहो काकू, त्या काही खऱ्या नोटा नाहीत.”

“खऱ्या नाहीत? मग इतके दिवस मला काय देत होतीस?”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मीही समजावून पाहिले. दुकानाचा कागद आहे, दोष लागणार नाही, देवाला सांगून घ्या, कुकर येईल. त्यांनी सगळे ऐकून घेतले. “लक्ष्मी म्हणून हात जोडले ना एकदा? मग आता कागद कसा म्हणू? राहू दे. तीन लिटरचा दोनदा लावीन.”

महिन्याच्या शेवटच्या बुधवारी आम्ही शेवटचे जोडबिल केले. पाळी काकूंची होती. त्यांना जांभळी नोट मिळाली आणि ती त्यांनी तिथल्या तिथे चहापत्तीवर खर्च केली, कारण नंतर तिचा उपयोग नव्हता. काकूंनी आपली पिशवी उचलली.

“झाली आपली फिट्टंफाट,” त्या म्हणाल्या. “कुणाचं कुणाकडे काही नाही. आणि बरंच झालं गं. तुला सुट्टीच्या दिवशी माझ्यासाठी ताटकळावं लागायचं. मी कितीदा उशिरा यायचे.”

मी म्हणाले, “तसं काही नव्हतं.”

“नव्हतं कसं? एकदाच मिळते सुट्टी. आता निवांत झोप.”

पुढच्या बुधवारी मी नेहमीच्या वेळी गेले. काकू आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाहीत. तिसऱ्या खेपेला मी काउंटरवरच्या मुलीला विचारले, त्यांची तब्येत बरी आहे ना.

“मस्त आहेत. त्या आता सोमवारी येतात. सोमवारी डबल पॉइंट असतात ना. मुलीनं फोनवर शिकवलंय त्यांना, मेसेज आला की मलाच दाखवायला आणतात.” ती हसली. “म्हणतात, कागदापेक्षा हे बरं. मोबाईलची पूजा तर कोणी करत नाही.”

वृत्तपत्रात साप्ताहिक सुट्टी बदलून घेणे सोपे नसते. दुसऱ्या कोणाशी तरी अदलाबदल करावी लागते. सोमवार असलेल्या सहकाऱ्याला बुधवार चालणार होता, पण वृत्तसंपादकांनी कारण विचारले.

“किराणा,” मी सांगितले.

“किराणा बुधवारी मिळत नाही?”

“सोमवारी चांगला मिळतो.”

त्यांनी मान हलवली आणि तक्त्यात बदल केला.

सोमवारी दुकानात नेहमीपेक्षा गर्दी होती. काकू रांगेत माझ्यापुढे होत्या, आमच्यामध्ये कोणी नव्हते. त्यांनी मागे वळून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, तू? आज कामाला नाही?”

“सुट्टी बदलून घेतली.”

“का गं?”

याचे उत्तर मी येताना ठरवले होते. रांग सरकत होती, मुलगी पुढच्या गिऱ्हाइकाला नंबर विचारत होती, आणि काकू उत्तराची वाट पाहत होत्या. ते वाक्य तिथे बोलता येण्यासारखे राहिले नाही.

“डबल पॉइंट,” मी म्हणाले.

“हुशार आहेस,” काकू म्हणाल्या. त्यांना ते पटले. मग त्यांनी मला सांगितले की साबण आजच घ्यावा, त्यावर वेगळे पॉइंट आहेत, आणि तूरडाळ पुढच्या सोमवारपर्यंत थांबवावी. माझ्या टोपलीकडे त्यांनी पाहिले नाही. हातात फोन होता आणि त्या मेसेज शोधत होत्या.

त्यांची पाळी आली. त्यांनी नंबर पाठ म्हणून दाखवला, एकेक आकडा सुटा करून. पैसे दिले. पिशवी भरली. मुलीने माझे सामान पुढे ओढले आणि माझा नंबर विचारला. मी सांगायला सुरुवात केली.

“येते गं,” काकू म्हणाल्या.

“काकू,” मी म्हणाले, “जरा थांबता का? माझं होईलच.”

“का? काही राहिलं का?”

“नाही. राहिलं काही नाही.”

“मग चल, ऊन व्हायच्या आत पोचते,” म्हणून त्या निघाल्या. मुलीने मला नंबरचे उरलेले आकडे विचारले. मी ते सांगितले.