दसऱ्याला एकटंच निघालेलं इंजिन

“बाजूक हो गो, बाजूक हो!” आमचा ड्रायव्हर बायकोवर असा ओरडला, की जोगेश्वरीच्या लेण्यांतली वटवाघळंसुद्धा उडाली असतील. कांदिवलीच्या दगडखाणीत खडीचे डबे ओढणाऱ्या आमच्या बुटक्या वाफेच्या इंजिनाची त्या दिवशी दसऱ्याची पूजा होती. प्रथा अशी, की चाकापुढे नारळ ठेवायचा, ड्रायव्हरच्या बायकोने रुळांत उभं राहून आरती करायची, मग ड्रायव्हरने वर चढून इंजिनाखाली नारळ फोडायचा. तोवर सगळे खाली, अनवाणी, हात जोडून. वर चिटपाखरू नाही. आणि मी, भट्टीत कोळसा टाकणारा, पितळ पुसता पुसता चाकांकडे वाफ सोडणारा दांडा किंचित उघडा ठेवून उतरलो होतो, हे आज पहिल्यांदाच लिहितोय. वाफ चढली आणि झेंडूच्या माळा घातलेलं ते धूड आपणहून निघालं. नारळाचा चुरा झाला. आणि ती बाई ताट ओवाळतेच आहे! ड्रायव्हरने झेप घेऊन ब्रेक आवळला, तेव्हा तिच्यात नि इंजिनात वीतभर अंतर होतं. पुढे ही गोष्ट सांगताना मी ते बोटभर केलं, हल्ली तर इंजिनाच्या वाफेने निरांजनच विझवतो. परवा तेच इंजिन एका बागेत रंगवून ठेवलेलं दिसलं, आणि ताज्या रंगातूनही मला कापराचा वास आला. त्या दिवशी नवऱ्याने खाली उतरून विचारलं होतं, “बाजूक कित्याक नाय झालंस गो?” ताट खाली ठेवत ती म्हणाली, “आरती संपाक नव्हती.”