डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा सेल्फ

मोटारीच्या पार्ट्सच्या दुकानात माणसं पार्ट घेऊन जातात आणि किस्सा ठेवून जातात. मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हापासूनचे माझ्याकडे इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर चार सोबत येतात. हे मात्र एकाच दसऱ्याचे. हसत सांगता यायला मला बरीच वर्षं लागली.

*

त्या दसऱ्याला मी गिऱ्हाइकांना आपट्याच्या पानांबरोबर काळ्या रंगाचा एकेक डबा भेट दिला. दिवाळीच्या पूजेला गाडी खालूनसुद्धा चमकली पाहिजे, ही माझी कल्पना. दुकानासमोरच्या ओट्यावर मांगीलाल मिस्त्री बसायचा. तो म्हणाला, "सेठजी, मुफ्त का रंग है. लोग पोतते ही जाएँगे."

मी म्हटलं, "पोतू दे ना भिया, आपलं काय जातं?"

*

चार दिवसांनी वकीलसाहेब आले. गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारा स्टार्टर, फिरत नाही. मोटारीबद्दल मी जे शिकलो ते कॅटलॉगमधली चित्रं बघून, पण सांगायचो प्रोफेसरसारखं. "कार्बन ब्रश गेले." त्यांनी ब्रश बदलले. दुसऱ्या दिवशी परत आले. "मग बॅटरी!" बॅटरी बदलली. तिसऱ्या दिवशी टांग्यातून उतरले आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, घोडे ठेवता का?"

त्या आठवड्यात सेल्फच्या तक्रारी घेऊन आणखी तिघे आले. मला वाटलं, हवाच खराब आहे.

*

मग आमच्या डॉक्टरीणबाईंची गाडी दोघांनी ढकलत आणली. माझी मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली. बाईंनी बजावलं होतं, "मूल पायाळू आहे. दुखायला लागलं की सुईणीवर सोडायचं नाही, मला बोलवा." आमचं घर राऊच्या वाटेवर, टांग्याला दीड तास.

मी भीत भीत म्हटलं, "बाई, तोवर पुढून हँडल फिरवून..."

"गेल्या वर्षी हँडल झटक्यानं उलटं फिरलं आणि हे मनगट मोडलं," त्या म्हणाल्या. "याच हातानं तुमचा नातू सोडवायचाय."

हँडलचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

*

मांगीलालने सेल्फ उतरवला, ओट्यावर बॅटरीला लावला. गरगर फिरला. गाडीत बसवला, गप्प. पुन्हा उतरवला, गरगर. पुन्हा बसवला, गप्प. मी कॅटलॉग उघडला तर म्हणाला, "सेठजी, किताब में गाड़ी बीमार नहीं होती."

तेवढ्यात घरून शेजारी सायकल दामटत आले. सुमनला कळा सुरू झाल्या होत्या. 

मांगीलाल म्हणाला, "बाई, मेरी फटफटी पर चलो. मेरा सेल्फ तो मेरा पाँव है."

बाईंनी बॅग उचलली, पण पाय निघेना. "मांगीलाल, दिवा लागतो?"

"लगता है."

"आता सेल्फ दाब." दाबला. दिवा विझत आला. "म्हणजे रक्त आहे, पण वाट अडलीये. कुठे अडलीये ते बघ."

 मांगीलालने एक जाड तार बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकापासून थेट इंजिनला लावली आणि मला सेल्फ दाबायला सांगितलं. गाडी चालू झाली. ती तशीच चालू ठेवून त्याने बॅटरीची अर्थिंगची पट्टी चेसिसवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून, सोडली, खालचं लोखंड चाकूने खरवडलं, पट्टी पुन्हा कसली. काळा पोपडा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "सेठजी, ये आपका माल है? पट्टी खोलकर नीचे भी पोत दिया, करंट कैसे जाए?"

बाई गाडीत बसल्या. घरापर्यंत मी मागच्या सीटवर तो पोपडा मुठीत धरून होतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग खरवडायला चाकू घेऊन मी वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, चाकू पाहिला. "शेठ, मी तर फक्त नोटीस पाठवणार होतो."

*

झाली ती मुलगी. रडायला तिने जरा उशीर लावला. तेवढा वेळ दाराबाहेर मी कसा काढला, ते सांगत नाही. बाराव्या दिवशी बारसं. डॉक्टरीणबाई स्वतः गाडी चालवत आल्या, फाटकाशी गाडी बंद केली, मुद्दाम एकदा सेल्फ मारून दाखवला. आत येऊन पाळण्यात वाकल्या. पोरीच्या गालावर काजळाची चांगली मोठी तीट होती.

बाईंनी ती बोटाने हलकेच खरवडली आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"शेठ, हे तुमच्या दुकानातलं नाही ना?"