शिजलेला रंग

हिराजी कोळी तापलेल्या सायलेन्सरजवळ नाक न्यायचा. चार बोटं लांब धरायचा आणि डोळे मिटायचा. नवीन गिऱ्हाईक घाबरायचं. मग मान वर करून हिराजी म्हणायचा, "शिजलं." तो हे म्हणेपर्यंत माझ्या दुकानातून फटफटी बाहेर पडायची नाही. दुकान माझं होतं, हे इथं लिहून ठेवतो.

खोपटला एस.टी. डेपोच्या मागं आमचं काम चालायचं, पंच्याऐंशीच्या आसपास. गंजलेले सायलेन्सर घासून त्यांना उष्णता सोसणारा रंग द्यायचा, चंदेरी नाहीतर काळा. हा रंग नुसता वाळून भागत नाही. इंजिन चालू करून तो तापवायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा, परत तापवायचा. तापताना उग्र वास सुटतो. वास संपला की रंग पक्का. त्याआधी गाडी दिली तर पापुद्रे निघतात. हिराजी चेंदणीच्या कोळीवाड्यातला, माशांत वाढलेला. त्याच्या नाकाला कच्चं-पक्कं लगेच कळायचं.

"शेट, घाई गिऱ्हाईकाला हाय, रंगाला नाय," असं तो मलाच सुनवायचा.

वर्तकनगरचा एक पोरगा लाल सायलेन्सर पाहिजे म्हणून अडून बसला. हिराजी म्हणाला, "लावतो. पन मानपाड्याला पोचशील तवर कोलसा होईल."

"अंकल, तुम्ही लावा हो, टेन्शन नका घेऊ!"

लावला. आठवडा उलटायच्या आत पोरगा परत आला. हिराजीने काळ्या रंगाचा डबा ढवळून तयारच ठेवला होता.

मग एका हिवाळ्यात हिराजीने "शिजलं" म्हणून दिलेल्या गाड्या परत यायला लागल्या. रंग सोलून निघालेला. मी रंगाच्या दुकानदाराशी कडाकडा भांडून आलो. ते योग्यच झालं, तो माणूस मला आधीपासून आवडत नव्हता. हिराजी मात्र खाली मान घालून सायलेन्सर घासत राहिला.

त्याची बायको मंजुळा बाजारात मासे विकून घरी जाताना दुकानावर थांबायची. एका शनिवारी तिने दिलेलं कोलंबीचं पुडकं हिराजीच्या स्टुलाखाली राहिलं. सोमवारी डेपोतले कंडक्टर नाकाला रुमाल लावून चाललेले. हिराजी त्याच स्टुलावर बसून डबा खात होता. मंजुळा आली आणि बघतच राहिली.

"काय बगतंस गो?"

"कवापासून?" तिने विचारलं.

"दिवालीपासून," तो भाकरीकडे बघत म्हणाला. "शेटला सांगू नको."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

थिनर आणि धूर यांत इतकी वर्षं गेलेली, त्यात नाकही गेलं. नुसतं घासकाम कोणीही करतं. तेवढ्यासाठी हिराजी माझ्याकडे राहिला नसता, मी राहा म्हटलं तरी. मला काही ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून मंजुळा तापलेल्या गाडीजवळ येऊन उभी राहायला लागली.

"माझ्या दुकानात आता बाईमाणसाने सायलेन्सर हुंगायचे?" मी म्हणालो.

"मंग तुमी हुंगा, शेट."

हुंगला. तंबाखूशिवाय कसलाच वास आला नाही. "पक्का आहे," मी सांगितलं.

"शेट, तुमचं नाक नुसतंच उंच हाय. रंग कच्चा हाय."

गिऱ्हाईकासमोर मात्र ती तोंड उघडायची नाही. टोपली डोक्यावरच राहिली तर रंग कच्चा. खाली उतरली की हिराजी नाक पुढं करायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "शिजलं." असं कित्येक वर्षं चाललं. गाड्या परत येणं बंद झालं. दुकानाचं नाव पार कल्याणपर्यंत गेलं, हिराजीच्या नाकामुळं.

नंतर हिराजी काविळीने गेला. दिवस झाल्यावर मंजुळा परत बाजारात बसायला लागली, आणि पहिल्याच दुपारी दुकानावर आली. एक गाडी तापवून ठेवलेली. रंग मी लावलेला. गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं.

"काका, झाली का?"

मंजुळा टोपली डोक्यावर घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग तिने टोपली खाली ठेवली आणि रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. गिऱ्हाईक एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

मी गुडघे टेकले, नाक पुढं केलं, डोळे मिटले.

"शिजलं," मी म्हणालो.