शार्कचे दात

घनसावंगीहून जालन्याला येताना जीपमध्ये शेजारी बसलेल्या मेंढपाळाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याच्या मांडीवर शेळीचं पिल्लू होतं आणि मोबाइलवर एका स्वस्तातल्या शार्कपटाचा दुसरा भाग. शार्कने जबडा उघडला की तो सिनेमा थांबवायचा आणि बाजारात बैलाचं वय पारखावं तसे त्याचे दात न्याहाळायचा.

"पहिल्या भागातला मासा चांगला जुना व्हता, ह्यो तर दोनदाती गोऱ्हा. जनावर बदललं अन् सांगितलं बी न्हाई! पोटाची शिवण दिसून राह्यली. पाणी तेवढं बराबर हाय."

मला हसू आवरेना. तेवढ्यात शार्कने थेट आमच्याच अंगावर झेप घेतली. मेंढपाळाने झटकन पिल्लाचे डोळे झाकले.

"आपल्याला ठावं हाय रबराचा हाय," तो म्हणाला, "ह्याला काय ठावं?"