लेकीच्या स्वयंपाकघरातल्या चार फरशा

ते फरशीवाले. कामावरची माणसं त्यांना पाणसळ म्हणत. जमीन सपाट आहे की नाही हे बुडबुड्यावरून दाखवणारी ती पट्टी, पण यांना ती लागायचीच नाही, नजरच तशी होती. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहाचा कप हातात येण्याआधी सांगून मोकळे, "न्हाणीघरात उतार उलटा पडलाय तुमच्या." बायकोला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पस्तीस वर्षं त्यांनी गुडघ्यांवर काढली. सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोड्याने बसवायची आणि मग ठोकून ऐकायची. भरीव वाजली तर पुढे सरकायचं, पोकळ वाजली तर उचलून पुन्हा बसवायची. यात त्यांनी कधी कुणाची भीड ठेवली नाही. मेहुणा त्यांच्याच हाताखाली शिकला, पण त्याच्याही दिवसाला पाच-सहा फरशा ते उचलायला लावत.

मग गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टरांनी फोटो दाखवला. दोन हाडांमधली गादी झिजून गेली होती, डावीकडची जास्त. पुढचं काम व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे आलं. त्या म्हणाल्या, "रोज चाला. दुखतंय म्हणून बसून राहिलात तर आणखी आखडेल. मांड्या बळकट करा, गुडघ्यावरचा भार हलका होईल. काठी उजव्या हातात, डाव्या पायाबरोबर टेकवायची. आणि गुडघे टेकून काम आता बंद."

"आता म्हणजे किती दिवस?"

"कायमचं."

हे शेवटचं त्यांनी कानाआड केलं. त्यांच्या हिशेबी गुडघा म्हणजे नवं बांधकाम. सिमेंटवर नेमाने पाणी मारलं की ते पक्कं होतं, मग त्यावर खुशाल नाचा. तसे व्यायाम नेमाने केले की गुडघाही पक्का होणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तेव्हा ते सकाळी पलंगावर पाय पसरून गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी दाबत बसत. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठत, दहा वेळा बसत. लेकीचं नवं घर दोन गल्ल्या पलीकडे होत होतं, तिथवर चालत जाऊन येत. पहिली पावलं जीव काढायची, पुढे सांधा जरा सैल व्हायचा. बाईही खूश होत्या. त्यांना काय ठाऊक, हा माणूस कशासाठी घाम गाळतोय ते.

लेक लहान असताना त्यांनी तिला शब्द दिला होता, तुझ्या स्वयंपाकघराची फरशी मी बसवणार. मेहुण्याने बाकीचं घर उरकलं, स्वयंपाकघर तेवढं तीन महिने उघडं पडून होतं. लेक-जावयाचं सगळं सामान अजून खोक्यांतच होतं.

एका सकाळी ते हातोडा घेऊन गेले. खिडकीपाशी पोत्याची घडी घातली आणि गुडघे टेकले. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी पहिली फरशी बसली. दुसरी बसली. तिसरीला एक हात जमिनीवर टेकावा लागला, चौथी त्यांनी कशीबशी रेटली. ठोकून ऐकायला पुढे वाकायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाकले नाहीत. उठताही येईना. मेहुण्याने आणि जावयाने दोन्ही काखांत हात घालून त्यांना कपाटासारखं उचललं आणि खुर्चीत ठेवलं. उरलेली फरशी दुपारपर्यंत मेहुण्याने बसवली, आणि ते खुर्चीतून बघत राहिले. आपलं संपलं, एवढं त्यांना तिथेच कळलं.

महिन्याभराने, लेक राहायला आल्यावर, ते चालत तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरात काठी टेकवत निघाले. टक, टक. खिडकीपाशी आवाज बदलला. त्यांनी पुन्हा टेकवली. चारही पोकळ होत्या. मेहुण्याच्या सगळ्या भरीव.

त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं. "उचल त्या."

"दाजी, कुणाला कळतंय?"

"मला."

लेक मध्ये येऊन उभी राहिली. "त्या चार नाही उचलायच्या, बाबा. येईल त्याला मी सांगते, या बाबांनी बसवल्यात म्हणून."

"पोकळ आहेत गं."

"असू देत. उचलल्या तर परत तुम्ही बसवणार आहात का?"

त्यांनी मेहुण्याला हातानेच परत जायची खूण केली.

अजून ते रोज चालतात. बाईंनी सांगितलंय, आणि घरी बसलं तर भिंती अंगावर येतात. लेकीकडे जातात, ती पाणी देते. बसायची खुर्ची खिडकीपाशी आहे, त्या चार फरशांच्या पलीकडे. तिथवर आले की ते काठी उचलून बगलेत धरतात आणि सगळा भार डाव्या गुडघ्यावर घेतात. कळ मांडीपर्यंत जाते. चार फरशा ओलांडतात आणि खुर्चीत बसून घाम पुसतात.

लेक आईला फोनवर कौतुकाने सांगते, "बाबा हल्ली काठीशिवाय चालतात गं, माझ्या स्वयंपाकघरात तरी."